धूतपापेश्वरचा धबधबा आणि राजापूर : प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या राजापूर शहरापासून तीनेक किलोमीटरवर धोपेश्वर हे गाव आहे. तेथे मृडानी नदी कातळाच्या टप्प्यावरून खाली उडी घेते आणि त्या उडीच्या अगदी शेजारी धूतपापेश्वराचे, म्हणजे शंकराचे, जुने देवालय उभे आहे. हा धबधबा उंचीने फार मोठा नाही आणि आंबोलीच्या घाटात पाणी पाहिलेल्या माणसाला त्याच्या आकाराचे अप्रूप वाटणारही नाही. मात्र ओल्या दगडी आवारात उभे राहून, देवळातील घंटेचा नाद आणि पाण्याचा गाज एकाच वेळी ऐकण्याची जी सोय येथे आहे, ती कोकणात फार थोड्या ठिकाणी सापडते. शिवाय लांबची जंगलवाट तुडवावी लागत नसल्याने लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी यांनाही येथे आणता येते.

धबधबा पाहून लगेच गाडीत बसणारे पर्यटक अर्धीच सहल करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या पावसाने मृडानी फुगते तोच पाऊस अर्जुना आणि कोदवली या नद्यांना फुगवतो आणि या दोन नद्यांच्या काठी राजापूरची बाजारपेठ वसलेली आहे. त्यामुळे धबधबा आणि गाव यांचे वेळापत्रक एकच पाणी ठरवते, आणि पुढील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात.

पहिली पायरी : दिवस निवडणे

जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तरीही पहिल्या सरी येताच निघण्याची घाई करू नये. तालुक्याचा मोठा भाग जांभ्या दगडाच्या सड्यांनी, म्हणजे उघड्या कातळपठारांनी, व्यापलेला असून जांभा सच्छिद्र असल्याने सुरुवातीचे बरेच पाणी तो मुरवून घेतो. हे सडे पुरते भिजल्यावर मात्र वरून पडलेले पाणी वहाळ आणि पऱ्ये यांच्या वाटेने थेट नदीत उतरू लागते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात गढूळ आणि रोड दिसणारी धार जुलैच्या मध्यापर्यंत भरून वाहू लागते.

जुलै महिना पाण्यासाठी उत्तम आणि प्रवाशासाठी सर्वांत अवघड असतो, कारण झड लागली की दिवसचे दिवस उघडीप मिळत नाही, रस्त्यांवर दरडी येतात आणि नद्या इशारा पातळीच्या आसपास राहतात. नवख्या माणसाने ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरअखेर हा काळ निवडावा, असे मी सुचवीन. त्या सुमारास धबधबा भरलेला असतो, भातखाचरे हिरवीगार असतात, सड्यांवर तेरडा आणि सोनकी फुललेली असते आणि दोन सरींच्या मध्ये ऊनही पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी कमी पण नितळ होते, आणि छायाचित्रे काढणाऱ्यांना हाच काळ अधिक आवडतो. फेब्रुवारीपासून पुढे केवळ धबधब्यासाठी म्हणून येण्यात अर्थ नाही. तेव्हा यायचे तर महाशिवरात्रीच्या उत्सवासाठी यावे.

दोन काळ टाळावेत. श्रावणातील सोमवारी भाविकांची रीघ लागते आणि त्या दिवशी धबधबा पाहायला आलेल्या माणसाने देवळाच्या आवारात गर्दी वाढवू नये, हे बरे. गणेशोत्सवाच्या आठ-दहा दिवसांत तर मुंबईचा चाकरमानी गावी आलेला असतो, आगगाड्या भरलेल्या असतात, महामार्गावर रांगा लागतात आणि घरोघरी पाहुणे असल्याने मुक्कामाची जागा मिळत नाही. कोणाच्या घरच्या गणपतीला रीतसर निमंत्रण असेल, तर मात्र सारे सोडून अवश्य जावे.

आठवडा ठरला की दिवस निश्चित करताना हवामान विभागाचा जिल्हानिहाय अंदाज पाहावा. लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा, पिवळा असेल तर स्थानिकांशी बोलून ठरवावे. आपत्तीचे इशारे देणारे शासनाचे ‘सचेत’ हे ॲप भ्रमणध्वनीवर ठेवावे आणि विजांसाठी ‘दामिनी’ही घ्यावे, कारण परतीच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात, दुपारनंतर विजा चमकतात आणि उघडा सडा ही त्या वेळी सर्वांत वाईट जागा असते. सगळ्यांत उत्तम दिवस म्हणजे मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांची उघडीप मिळालेला दिवस, कारण त्या दिवशी धार भरलेली असते, पण पुराचा जोर उतरलेला असतो.

आणखी एक खात्रीचा मापक येथे उपलब्ध आहे. राजापूरच्या बाजारपेठेतील जवाहर चौक हा सखल भाग असून अर्जुना आणि कोदवली यांना पूर आला की पाणी या चौकापर्यंत येते. दर पावसाळ्यात याची बातमी होते. ज्या लॉजमध्ये किंवा घरी उतरणार आहात तेथे निघण्यापूर्वी फोन करून ‘चौकात पाणी आहे का?’ एवढेच विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर धबधब्याचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा. पावसाळ्यात धोकादायक पर्यटनस्थळी प्रशासन वेळोवेळी बंदी आदेश काढते, त्यामुळे तशी चौकशीही याच फोनवर उरकून घ्यावी.

दुसरी पायरी : पोहोचणे

रेल्वेने येणाऱ्या नवख्या माणसाची फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. कोकण रेल्वेचे ‘राजापूर रोड’ हे स्थानक शहरात नाही. ते शहरापासून पंधरा किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. तुतारी एक्सप्रेस आणि दिवा–सावंतवाडी यांसारख्या गाड्या तेथे थांबतात, वेगवान गाड्यांपैकी बहुतेक थांबत नाहीत. स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात, तथापि रात्री उशिरा किंवा मुसळधार पावसात उतरणार असाल तर मुक्कामाच्या ठिकाणाहून वाहन आधी ठरवून ठेवावे आणि भाडेही तेव्हाच बोलून घ्यावे. कोकण रेल्वे साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लावते आणि त्या काळात गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, म्हणून उन्हाळ्यात पाहिलेल्या वेळांवर विसंबू नये. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. शनिवार-रविवारसाठी ते पहिल्या दिवशीच पाहावे.

एसटीने येणे अनेक दृष्टींनी सोयीचे आहे, कारण बसस्थानक शहरातच आहे आणि रत्नागिरी, कणकवली, कोल्हापूर तसेच मुंबई येथून गाड्या येतात. राजापूरहून खेड्यांत जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा शाळा-कॉलेजच्या वेळांशी जुळवलेल्या असतात, आणि सुटीच्या दिवशी त्यांतील काही धावत नाहीत. म्हणून बसस्थानकावर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर परतीची शेवटची गाडी विचारून ठेवावी. धोपेश्वरसाठी रिक्षा हा सरळ उपाय आहे. रिक्षावाल्याला थांबवून ठेवायचे की ठरावीक वेळी पुन्हा बोलवायचे, हे आधी ठरवावे, कारण देवळाच्या परिसरात परतीची रिक्षा आयती मिळेलच असे नाही.

स्वतःच्या वाहनाने मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने आल्यास अंतर चारशे किलोमीटरच्या घरात जाते. कोल्हापूरकडून येणाऱ्यांसाठी मलकापूर, अणुस्कुरा घाट, पाचल आणि ओणी हा मार्ग आहे. घाटमाथ्यावरून खाली उतरताना दिसणारा देखावा सुंदर आहे यात शंका नाही, परंतु पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात आणि धुके इतके दाट उतरते की चार हातांवरचे दिसत नाही. तो दिवसाउजेडीच उतरावा. चौपदरी महामार्गावर अर्जुना नदीवर झालेला नवा उंच पूल शहराला उंचावरूनच ओलांडतो, त्यामुळे भरधाव जाणाऱ्याला खाली एक जुने गाव आहे हे कळतही नाही. शहराकडे उतरणारा फाटा सोडू नये.

तिसरी पायरी : मुक्काम आणि सामान

राजापूर हे तालुक्याचे ठिकाण असले तरी त्याची वस्ती दहा हजारांच्या आसपास आहे. येथे साधे लॉज मिळतात आणि आसपासच्या गावांत घरगुती निवास-न्याहारीची सोयही वाढते आहे. मी घरगुती मुक्कामाला झुकते माप देईन, कारण पाण्याविषयी खरी माहिती घरमालकाच्या पडवीत बसूनच मिळते. जागा ठरवताना ती नदीकाठच्या सखल भागात नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

सामानाविषयी फार सांगण्यासारखे नाही. पकड असलेल्या तळव्याची पावसाळी पादत्राणे, लवकर सुकणारे कपडे, छत्रीऐवजी रेनकोट, एक कोरडा जोड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, विजेरी आणि नेहमीची औषधे एवढे पुरे. वाऱ्यात छत्री सांभाळताना दोन्ही हात अडकतात आणि ओल्या पायऱ्यांवर हात मोकळे असणे अधिक महत्त्वाचे ठरते. थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण मोठ्या पावसात वीज आणि त्यामागोमाग नेटवर्क गेले की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

चौथी पायरी : देवालय आणि धबधबा

सकाळी आठच्या सुमारास पोहोचेल अशा बेताने निघावे. त्या वेळी पूजा आटोपत आलेली असते, गर्दी नसते आणि आकाश बहुधा दुपारपेक्षा मोकळे असते. रस्त्यावरून देवळाकडे उतरावे लागते. वाट गर्द झाडीतून खाली जाते आणि देऊळ दिसण्यापूर्वीच पाण्याचा आवाज कानी पडतो. पायऱ्या आणि फरशी यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. जांभा दगड खडबडीत असल्याने तो निसरडा होत नाही, असा एक समज आहे. तो समज या दिवसांत बाळगू नये. पाय आडवे टाकत, कठड्याच्या बाजूने उतरावे आणि वृद्धांना मध्ये घेऊन चालावे.

आधी दर्शन आणि मग धबधबा, हा क्रम ठेवावा. यामागे भाविकतेइतकेच व्यवहाराचेही कारण आहे, कारण धबधब्याच्या तुषारांनी भिजलेल्या कपड्यांनी देवळात गेल्यास फरशी ओली होते आणि मागून येणारी माणसे घसरतात. कोकणातील देवळांत गुरव किंवा पुजारी एखाद्या कुटुंबासाठी गाऱ्हाणे घालत, म्हणजे देवापुढे मागणे मांडत, असतात. ते चालू असेल तर बाजूला शांत उभे राहावे आणि छायाचित्र काढू नये. गाभाऱ्याची छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. या देवालयाचा समावेश राज्य शासनाच्या प्राचीन मंदिरे संवर्धनाच्या योजनेत झालेला असून अलीकडच्या वर्षांत येथे जीर्णोद्धाराचे काम झाले आहे, त्यामुळे जुनी छायाचित्रे पाहून आलेल्यांना काही बदल जाणवतील. पनवेलच्या जुन्या आयुर्वेदिक औषधनिर्मात्यांच्या बाटलीवर हेच दैवताचे नाव अनेकांनी लहानपणी वाचलेले असते.

धबधबा पाहण्याची उत्तम जागा म्हणजे देवळाच्या आवाराचा कडेचा भाग. येथून धारेचा पूर्ण पट दिसतो, तुषार अंगावर येतात आणि पाय कोरड्या, घट्ट जागी राहतात. मला विचाराल तर एवढ्यावर समाधान मानावे आणि निदान अर्धा तास एकाच जागी बसावे. पाण्याचा पडदा एकसारखा दिसत असला तरी तो सतत बदलत असतो. वरच्या बाजूस सर येऊन गेली की थोड्या वेळाने धार जाड होते, रंग बदलतो आणि आवाज खालच्या पट्टीत जातो. हे निरीक्षण पुढे सांगितलेल्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही उपयोगी पडते.

पाण्यात उतरण्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पावसाळ्यात धबधब्याखालच्या डोहात उतरू नये आणि त्याच्या माथ्यावरील कातळावर तर मुळीच जाऊ नये. डोहात पडणारे पाणी तळाशी जाऊन उसळते, त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे अवघड होते. कातळात पाण्याने घडवलेले रांजणखळगे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत आणि त्यांत पाय अडकतो. माथ्यावरचा प्रवाह घोट्याएवढा दिसला तरी शेवाळावरून पाय सुटल्यावर सावरायला जागा नसते. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते प्रवाहाच्या मध्यभागी उभे असताना पाणी अचानक वाढल्यामुळे. डोक्यावर ऊन असतानाही असे घडू शकते, कारण पाऊस नदीच्या वरच्या अंगाला पडत असतो.

पाणी वाढण्याच्या खुणा स्थानिक माणसे सहज ओळखतात आणि त्या शिकून घेण्यासारख्या आहेत. स्वच्छ पाणी एकाएकी तांबूस होणे, त्यातून पालापाचोळा, काटक्या आणि फेस येऊ लागणे, मघाशी दिसत असलेला एखादा दगड बुडणे आणि आवाज जड होणे, यांपैकी एकही खूण दिसली तरी सामान गोळा करत न बसता उंच जागी जावे. देवळातील पुजारी, गुरव किंवा एखादे काका ‘वर या’ म्हणाले तर वाद घालू नये. ऑक्टोबरनंतर पाणी उतरल्यावरही, कोठे उतरता येते हे गावकऱ्यांना विचारूनच काठाशी पाय बुडवावेत. अंगावर जखम असेल तर साचलेल्या किंवा चिखलाच्या पाण्यात पाय घालू नये. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाचे, रुग्ण आढळतात. सहलीनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना या प्रवासाची माहिती द्यावी.

झाडीत साप असतात, म्हणून बसण्यापूर्वी दगड पाहून घ्यावा आणि गवतातून आडवाटेने जाऊ नये. सर्पदंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे हे सर्व टाळून रुग्णाला हालचाल करू न देता राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

प्लास्टिकचा प्रश्न एका वाक्यात संपवतो: येथे टाकलेली पाण्याची बाटली पुढच्या सरीबरोबर नदीत जाते, तेव्हा ती आणली तशी परत न्यावी.

पाचवी पायरी : नदीकाठचे गाव

अकराच्या सुमारास शहरात परतावे, वाहन बसस्थानकाजवळ किंवा उंच भागात लावावे आणि बाजारपेठेत पायी उतरावे. राजापूर पायीच पाहण्याचे गाव आहे. डोंगराच्या उतारावर घरे, त्यांना जोडणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), खाली दाटीने उभी दुकाने आणि त्यांच्या पाठीशी नदी, अशी त्याची रचना आहे. पाखाड्या अरुंद आणि चढाच्या आहेत. वाट चुकली तर उताराच्या दिशेने चालत राहावे, म्हणजे शेवटी नदी लागते.

आज समुद्रापासून इतके आत असलेले हे गाव एकेकाळी बंदर होते, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. अर्जुना पुढे जैतापूरच्या खाडीत मिळते आणि या खाडीमार्गे मालाची गलबते भरतीच्या पाण्यावर राजापूरपर्यंत येत. घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल येथे गलबतांत चढे. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली, ती याच व्यापारासाठी. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी तटस्थ राहण्याऐवजी वेढ्यात तोफांची मदत केली, आणि पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, शिवाजी महाराजांनी राजापुरावर चाल करून वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सहकाऱ्यांना कैद केले. आता मात्र वखारीच्या नावाने एखादी भव्य वास्तू पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. नदीच्या पात्रात गाळ साचत गेला आणि बंदर म्हणून राजापूरचे महत्त्व संपले.

हाच गाळ आजच्या पुराशीही जोडलेला आहे. पात्र उथळ झाल्याने थोड्या पावसातही पाणी काठ सोडते. जवाहर चौकात उभे राहून दुकानांकडे नीट पाहावे: माल उंच फळ्यांवर कसा मांडला आहे, खालचे कप्पे पावसाळ्यात रिकामे का ठेवले आहेत, भिंतीवर पाण्याची रेघ कोठवर आहे. एखाद्या दुकानदाराला सवड असेल आणि त्याच्याकडून काही विकत घेतले असेल, तर पूर आला की माल वर कसा हलवतात हे तो कौतुकाने सांगेल. पूर आलेला असताना मात्र तो पाहायला जाऊ नये. ज्याच्या दुकानात पाणी शिरले आहे, त्याच्या दारात उभे राहून चित्रफीत काढणे असभ्यपणाचे आहे आणि वाहत्या पाण्यातून चालणे धोक्याचेही आहे.

अनोळखी माणसांशी बोलताना वयाप्रमाणे काका, मावशी, दादा किंवा वहिनी असे संबोधावे आणि ‘अहो’ सोडू नये. कोकणी माणूस पहिल्या दोन मिनिटांत मोजकेच बोलतो. ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न त्याच्याकडून आला की संभाषण सुरू झाले असे समजावे, आणि त्याला आपल्या गावासकट सविस्तर उत्तर द्यावे.

सहावी पायरी : जेवण

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा मासळीची अपेक्षा घेऊन येतो, परंतु १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते आणि त्यानंतरही समुद्र शांत होईपर्यंत ताज्या मासळीची आवक बेताची राहते. या दिवसांत मोठ्या पापलेटाचा हट्ट धरणाऱ्याला साठवणीतील बर्फाची मासळी खावी लागते. त्यापेक्षा पावसाळ्याचे जेवण मागावे: टाकळ्याची किंवा भारंगीची भाजी, अळूचे फदफदे, आठळ्या घातलेली भाजी, कुळथाची पिठी आणि भात, सोबत भाजलेले सुके बोंबील किंवा सोड्यांची चटणी. हे पदार्थ हॉटेलच्या पाटीवर क्वचितच असतात, घरगुती मुक्कामात मात्र आदल्या संध्याकाळी सांगितल्यास हमखास मिळतात. न्याहारीला घावणे किंवा आंबोळी घ्यावी. रानातील अळंबी स्वतः गोळा करून शिजवण्याचे साहस करू नये.

विकत नेण्यासाठी आमसुले, काजू, कुळथाचे पीठ आणि फणसपोळी घ्यावी. पावसात हवा दमट असल्याने काजू हवाबंद पिशवीतलेच घ्यावेत.

सातवी पायरी : दुपारनंतर उन्हाळे आणि गंगा

शहरापासून जवळच, तीनेक किलोमीटरवर, उन्हाळे गावात गरम पाण्याचा झरा आहे आणि त्याच परिसरात प्रसिद्ध राजापूरची गंगा आहे. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो. तेथे स्नान करायचे असल्यास अंगभर कपडे ठेवावेत, साबण वापरू नये आणि हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी फार वेळ थांबू नये. झरा अर्जुनेच्या काठी असल्याने नदी चढलेली असताना तिकडे जाऊ नये.

गंगेविषयी नवख्याची मोठी गैरसमजूत असते, म्हणून सविस्तर सांगतो. येथे वर्षभर वाहणारा प्रवाह नाही. वडाच्या झाडाखालील मूळ उगम आणि एकूण चौदा कुंडे असा हा परिसर असून त्यांत पाणी अचानक प्रकट होते, काही काळ वाहते आणि तसेच अचानक नाहीसे होते. साधारण तीन वर्षांनी गंगा येते असे परंपरेने मानले जाते. अलीकडे हा क्रम पाळला जातोच असे नाही. आली की वर्तमानपत्रांत बातमी येते आणि भाविकांची मोठी गर्दी होते. गंगा नसताना गेल्यास कोरडी दगडी कुंडे दिसतील. त्यांची बांधणी आणि परिसरातील शांतता आवडणाऱ्याने तेव्हाही जावे, तीर्थस्नानासाठी येणाऱ्याने मात्र आधी चौकशी करावी.

एक दिवस जास्त असेल तर

दुसऱ्या दिवसासाठी आणखी धबधबे शोधत फिरण्यापेक्षा सड्यावर जावे, असे मला वाटते. तालुक्यात ओणीजवळच्या चुनाकोळवणचा सवतकडा आहे आणि तो देखणाही आहे, पण तेथील वाट आणि पाणी दोन्ही अधिक आडदांड आहेत. पहिल्याच खेपेला, विशेषतः मुलांना घेऊन, तिकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याऐवजी बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी आणि कशेळी येथील कातळशिल्पे पाहावीत. कोकणच्या सड्यांवर कोरलेली ही प्रागैतिहासिक चित्रे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि त्या यादीतील पाच ठिकाणे एकट्या राजापूर तालुक्यात आहेत. देवाचे गोठणे येथे कातळशिल्पाच्या जागी होकायंत्राची सुई भरकटते. फोनमधील होकायंत्रानेही हा प्रयोग करून पाहता येतो. जोराच्या पावसात शिल्पांच्या रेषा पाण्याखाली जातात, म्हणून सड्यासाठीही उघडिपीचा दिवसच हवा. चित्रांवर पाय देऊ नये, रेषा ठळक दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरू नये आणि वाट दाखवायला गावातील माणूस सोबत घेऊन त्याला योग्य मोबदला द्यावा.

परतीला अणुस्कुरा घाटाने जाणाऱ्यांनी दुपारी दोनच्या आत राजापूर सोडावे, म्हणजे घाट उजेडात पार होतो. महामार्गाने मुंबईकडे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी घाटांतील, विशेषतः चिपळूणजवळच्या परशुराम घाटातील, वाहतुकीची स्थिती विचारून घ्यावी. रेल्वेने जाणाऱ्यांनी गाडीच्या वेळेच्या निदान दीड तास आधी रिक्षा बोलवावी, कारण राजापूर रोडचा रस्ता वळणांचा आहे आणि पावसात तेथे वाट पाहत बसलेले परवडते. गाडी चुकली तर पुढची मिळायला बराच वेळ जातो.